हेटीटोल्याचे शुद्धिपत्र

सिंदेवाही
दि. १४ जुलै २०२४

श्रीमती आबिदाबाई शेख यांस,
नमस्कार.

हेटीटोला शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या स्मरणिकेत पृष्ठ अकरावर आपले जे निवेदन छापले आहे, ते तीन ठिकाणी चुकले आहे. पहिली चूक सालाची. मोहाच्या झाडांखाली शाळा भरली ती १९९१ साली. आपण १९९० म्हटले आहे. दुसरी चूक जागेची. शाळा 'गावातल्या सगळ्या मोहांखाली' भरली नाही. ती पोटावींच्या बांधावरील जोडमोहाखाली भरली. या दोन चुका स्मृतीच्या आहेत आणि मी त्या समजू शकतो. तिसरी चूक स्मृतीची नाही. आपण म्हटले आहे, "शाळा मोहाखाली नेण्याची कल्पना आमच्या मुख्याध्यापकांची, गुणवंतराव गुरुजींची. त्यांचा तसा आदेश होता."

बाई, असा आदेश मी दिला नाही. देणे शक्यही नव्हते. मी तेव्हा मलेरियाने अंथरुणास खिळून येथे सिंदेवाहीस होतो. शाळेत शिक्षक दोनच. मुख्याध्यापक आजारी, म्हणून सगळा भार आपल्यावर होता.

घडले ते असे. तो रमजानचा महिना होता. आपण शाळेमागच्या खोलीत राहत होता आणि सेहरीसाठी पहाटे उठत होता. तेव्हा टोपल्या घेऊन बांधाकडे निघालेली आपलीच मुले आपल्याला दिसली. हजेरीत आपण दोघेही ज्यांना 'गैरहजर' लिहीत होतो, ती आपल्याआधी कामाला लागलेली होती. मोहाचे फूल पहाटेपासून गळते आणि ऊन चढेपर्यंत वेचावे लागते; उन्हाळ्यातली शाळाही नेमकी तेव्हाच, सकाळची. फूल दिसावे म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळून जमीन झाडून ठेवतात. ती काळी जमीन पाहून आपल्याला फळा आठवला. मुलांनी वेचलेली फुले टोपलीत जाण्यापूर्वी आपण त्यांच्याकडून त्या जमिनीवर अक्षरे मांडून घेतली. अक्षर वाचता आले की फुले उचलून टोपलीत टाकायची; नाही आले तर ती तेथेच राहायची. घरी टोपली उणी नेण्याची कोणाचीच तयारी नसे, त्यामुळे वाचन भराभर आले. हे मला नंतर मुलांनीच सांगितले. त्यात माझा सहभाग शून्य आहे.

आता निकडीची गोष्ट. येत्या शिक्षकदिनी हेमराज आणि त्याचे सोबती त्या जोडमोहाखाली एक शिळा बसवणार आहेत. आपल्या निवेदनाच्या आधारे तीवर माझे नाव कोरून झाले आहे. (शिळेवरील सहा ओळींत चार चुका आहेत, पण तो विषय वेगळा.) जे मी केले नाही, ते दगडावर माझ्या नावे राहणार. ही कल्पना मला स्वस्थ बसू देत नाही. संध्याकाळी धान संशोधन केंद्राच्या कुंपणापर्यंत फिरायला जाण्याचा माझा नेम आहे. हल्ली अर्ध्या वाटेवरून परत येतो.

आपला-माझा तेहतीस वर्षांत एका शब्दाचाही व्यवहार नाही, याची मला जाणीव आहे. त्याची चर्चा करण्यासाठी हे पत्र नाही. आपण हेमराजला दोन ओळींत खरे काय ते कळवावे, एवढीच विनंती.

आपला,
गुणवंतराव


सिंदेवाही
दि. २८ जुलै २०२४

श्रीमती आबिदाबाई यांस,
नमस्कार.

आपण पत्राचे उत्तर पत्राने द्याल, अशी माझी समजूत होती. आपला ध्वनिसंदेश आमच्या सौ. रुखमाबाईंच्या फोनवर आला. त्या तेव्हा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तो मोठ्या आवाजात, दोनदा, अंगणात ऐकवला. शेजारच्यांनीही ऐकला असावा.

पण आधी हेमराजविषयी. मी त्याला बोलावून घेतले. आपण त्याला दुसरीत शिकवले तेव्हा तो बाकाखाली लपत असे. आता त्याची राईस मिल आहे आणि तो माजी विद्यार्थ्यांच्या समितीचा अध्यक्ष आहे. मी म्हणालो, "शिळेवरचे नाव चुकीचे आहे."

"गुरुजी, मी माया मनानं नाई लिवलं. बाईनंच सांगतलं. रेकॉर्ड हाय मायापाशी."

"बाई चुकल्या आहेत."

"मंग कोन खोटं बोलून राह्यलं, ते तुमी दोघं ठरवा ना! आमी कसं ठरवावं? आमाले दोघंबी मास्तर."

आतून रुखमाबाई म्हणाल्या, "दोघायलेबी कोंबडा कर, हेमराज. जो आधी उठन तो खोटा."

तो हसला. मी हसलो नाही. मग त्याने आर्जवाने सांगितले की पाहुणे ठरले आहेत, मंडप सांगितला आहे, आणि गडचिरोलीहून शिळा आणताना ट्रॅक्टर चिखलात फसला होता. "आता दगडावर खोडरबर चालते काय, गुरुजी?"

आता आपला संदेश. मी तो शब्दशः उतरवून घेतला आहे, बोलीत काहीही फेरफार न करता :

"सलाम गुरुजी. तब्येत बरी हाय ना? पत्र भेटलं. रूहीनं वाचून दाखवलं, माया डोळ्याचं आपरेशन झालं ना, म्हणून. माई नातीन हाय ते. साल चुकलं आसन, ते माफ करा. पण तिसरी चूक माई नाई. मी त् तुमचंच वाक्य सांगतलं. साहेबानं विचारलं, कोनाच्या आदेशानं? तुमी म्हनले, माया. मी कानानं ऐकलं. आता तुमीच म्हनता, खोटं हाय. मंग तवा काऊन बोलले?"

यावर रुखमाबाईंनी हातातले सूप खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी त्यांना तो प्रसंग कधी सांगितला नव्हता. सांगावा असे त्यात काही आहे, असे मला वाटलेच नव्हते.

तर ते प्रकरण आता नीट मांडतो. मी बरा होऊन परत येत होतो. धानोऱ्याला तपासणीचे साहेब भेटले. त्यांनी मला जीपमध्ये घेतले. शाळेला कुलूप. साहेब म्हणाले, "मुख्याध्यापक, तुमची शाळा कुठे आहे?" मला ठाऊक नव्हते. पोरांचा आवाज बांधाकडून आला, तिकडे आम्ही चाललो. तेथे पोटावींची झिंगी फुलांनी आपले नाव मांडीत बसली होती. ती तीन वर्षे पहिलीतच होती, हे आपल्याला आठवत असेल. प्रत्येक वर्षी परीक्षेच्या दिवसांत ती मोहाखाली असे. साहेबांचा बूट तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराशी थांबला. त्यांनी विचारले, "हे कोणाच्या आदेशाने?" आपण उभ्या राहिलात. हात पदराला पुसले. आपले ओठ उघडले होते. मी म्हणालो, "माझ्या."

आयुष्यात मी तेवढे एकच असत्य बोललो आहे आणि ते बोलण्यास सबळ कारण होते. आपली नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. साहेब चिडलेले होते. विनापरवानगी शाळा हलवल्याचा ठपका आपल्यावर आला असता, तर आपण पुन्हा बल्लारपूरला वडिलांच्या घरी जाऊन बसल्या असत्या. माझी नोकरी जुनी होती. मला लेखी ताकीद मिळाली आणि जूनमध्ये मूल गावी बदली झाली. ते मी सहन करू शकलो.

माझ्या निरोपसमारंभाला सगळा गाव आला. आपण आला नाहीत. मी त्याबद्दल कधी विचारले नाही.

कृपा करून हेमराजला सांगावे की मी त्या दिवशी आपल्या बचावासाठी बोललो. एवढ्याने शिळा दुरुस्त होईल.

गुणवंतराव


सिंदेवाही
दि. ११ ऑगस्ट २०२४

आबिदाबाई यांस,
नमस्कार.

आपला दुसरा संदेश मी आठ दिवस ऐकतो आहे. आता फोनही मला चालवता येऊ लागला आहे; रुखमाबाई म्हणतात, बाईंनी याही वयात एक विद्यार्थी तयार केला.

आपण म्हणता :

"गुरुजी, तुमी वाचवलं, ते मी कवाच नाई म्हनलं नाई. पण मी बुडून राह्यली होती काय? मले एक डाव पाहून तं घेतलं असतं. माया तोंडात वाक्य तयार होतं. पंधरा दिस मी तेच घोकत होती, कोनी आलं तर हे बोलीन म्हनून. तुमी आले अन् मधातच बोलून टाकलं. अन् मंग काय झालं, मालूम हाय? तुमी गेले. नवे हेडमास्तर आले. त्यायनं पाह्यलं, जुना आदेश हाय. मंग दरवर्षी मोह पडला का मी कागदावर लिवू, 'मुख्याध्यापकांच्या आदेशानुसार'. शाळा माई, पोरं माई, अन् दरवर्षी मले तुमच्या नावानं शाळा बाहेर काढा लागे. तेच मी हेमराजले सांगतलं. आता तुमाले तरास होऊन राह्यला. मले किती वर्सं झाला आसन?"

हे ऐकून मी प्रथम रागावलो. आपल्याला उत्तर म्हणून तीन मसुदे लिहिले. पहिल्यात मी सेवानियमांचे दाखले दिले होते. दुसऱ्यात उपकाराची भाषा आली होती. तिसरा रुखमाबाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "यात तुमीच तुमी हाये. बाई कोठी हाये?" तिन्ही फाडले.

मग मी परवा हेटीटोल्याला गेलो. कोणाला न सांगता. एसटीने धानोऱ्यापर्यंत आणि पुढे हेमराजच्या मिलकडे निघालेल्या एका टेम्पोत. मला जोडमोह पाहायचा होता. दोन्ही झाडे आहेत. एकाची मोठी फांदी विजेने गेली आहे. त्यांच्या बुंध्याशी ती शिळा ताडपत्रीखाली उभी करून ठेवली आहे. ताडपत्री उचलून मी माझे नाव वाचले. पावसात कोणी पाहत नव्हते, तरी मी ती घाईने खाली सोडली.

शेजारच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी चालली होती. चिखलातून एक बाई वर आली, हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, जुडी. तिने मला ओळखले. मी तिला ओळखले नाही. झिंगी. आता गावची आशा कार्यकर्ती आहे, मुलगी बारावीला आहे.

"गुरुजी, सत्काराची जागा पाहाले आले काय?"

मी म्हणालो, "सत्कार चुकीच्या माणसाचा होतो आहे."

"हो. आमाले माहीत हाय ना."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ती हसू लागली. "बाईनं सांगतलं, गुरुजीचं नाव टाका. बाईनं सांगतलं का आमी लिवतो. तवापासूनची सवय हाय." मग पायाचा चिखल झाडाच्या मुळावर पुसत म्हणाली, "पण बाई नाई आली तं मी पण नाई येत. हेमराजले सांगा. मी इथंच बांधीत रायीन, तुमचे भाषन आयकू येतेच."

परतताना सबंध वाटभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. आपण काय बोलणार होता? साहेबांना आपण कोणते उत्तर दिले असते? नियम? विनंती? क्षमा? बाई, मी चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले, आणि एकदाही एवढी उत्कंठा नव्हती. झाडाखाली, फाट्यावर, बसमध्ये मी आपल्या वतीने उत्तरे रचून पाहिली. सगळी व्याकरणशुद्ध होती. एकही आपली वाटली नाही.

ते वाक्य मला कळवावे.

गुणवंतराव


सिंदेवाही
दि. २४ ऑगस्ट २०२४

आबिदाबाई यांस,
स. न.

आपले उत्तर एका ओळीचे : "कळवत नाई. ते तुमच्यासाठी नोहोतं, साहेबासाठी होतं."

मान्य आहे. म्हणून पुढील व्यवस्था केली आहे.

हेमराजला मी लेखी कळवले की शिळेवर माझे नाव राहिल्यास मी कार्यक्रमास येणार नाही, आणि झिंगीही येणार नाही. झिंगीचे नाव वाचल्यावर तो नरम पडला. माझ्यावाचून समारंभ होऊ शकतो. झिंगीवाचून गावातल्या बाया येत नाहीत. पण त्याची अडचण खरी होती. नवी शिळा इतक्या दिवसांत होणे शक्य नाही आणि वर्गणी संपली. तो आमच्या ओसरीवर डोके धरून बसला. मी शब्दयोजनेत गुंतलो होतो. उपाय रुखमाबाईंनी सांगितला.

"काऊन रे, दगडाले मांगची बाजू नसते काय?"

हेमराजने वर पाहिले. "काकू, मांगून तो खडबडीत हाय."

"मंग घासा. तुमाले हात नाई काय?"

तर मागची बाजू घासून तीवर कोरीव काम चालू आहे. माझ्या नावाची बाजू मोहाच्या बुंध्याकडे राहील. ती फोडून काढावी, असे हेमराज म्हणत होता. मी नको म्हटले. चूक झाली होती, हे त्या झाडांना माहीत असू द्यावे.

मजकूर मी लिहून दिला. तो प्रथम नऊ ओळींचा होता, निर्दोष. रुखमाबाई म्हणाल्या, "एवढं वाचेपर्यंत मोह फुलून गळून जाईन." आता दोन ओळी आहेत.

मी मंचावर बसणार नाही. भाषण करणार नाही. प्रमुख पाहुणे म्हणून शिक्षण खात्यातलेच एक साहेब येत आहेत. ते तरुण आहेत, त्या वेळी त्यांचा जन्मही झाला नसेल. पण साहेब आहेत. आपल्या वाक्याला साहेब हवा होता, तो उपलब्ध आहे.

रूहीला सोबत आणावे. बल्लारपूरहून सकाळची गाडी धरल्यास मूलच्या रेल्वे स्थानकावर हेमराजची जीप उभी असेल.

गुणवंतराव

ता. क. : पत्र पाकिटात घालत असतानाच आपला संदेश आला. "येतो. पण तुमी मधात बोलाचं नाई." रुखमाबाईंनी माझ्या वतीने कबूल केले आहे.


सिंदेवाही
दि. ९ सप्टेंबर २०२४

आबिदाबाई यांस,
नमस्कार.

शिक्षकदिनी गर्दीत आपल्याशी चार शब्दही झाले नाहीत. आपण जीपमध्ये बसताना मी हात केला. रूहीने पाहिला, आपण पाहिला की नाही ते कळले नाही. मला तेव्हा जे म्हणायचे होते ते येथे लिहितो, आणि सोबत एक शुद्धिपत्र जोडतो. हेमराज ते स्मरणिकेच्या प्रत्येक प्रतीत घालणार आहे.

आपण जाड चष्मा लावून, काठीविना, चिखलातून जोडमोहापर्यंत चालत आलात. शाल घेऊन पाहुणे साहेब उठले. सूत्रसंचालकाने आपल्याविषयी काहीतरी चुकीचे सांगायला सुरुवात केली होती, "बाईंनी गुरुजींच्या मार्गदर्शनाखाली", असे काहीतरी. मी उठलो. खरोखर उठलो, बाई. हात वर गेला, 'दुरुस्ती' हा शब्द जिभेवर आला. तेव्हा रुखमाबाईंनी माझ्या सदऱ्याचे टोक धरले आणि शांतपणे खाली ओढले. टाका उसवला. मी बसलो.

आपण शाल घेतली नाहीत. साहेबांकडे पाहून म्हणालात, "साहेब, बसा. झिंगी वाचते."

साहेब गोंधळले, पण बसले. पावसाने ओल्या झालेल्या खुर्चीवर. झिंगी बायांतून पुढे आली. तिने शिळेवरील ओळींवर बोट ठेवून मोठ्याने वाचले : "मोहाच्या हंगामात शाळा येथे भरत असे. शिक्षिका : आबिदा शेख." वाचून झाल्यावर तिने सवयीने हात पुढे केला, जमिनीवरून काहीतरी उचलून टोपलीत टाकावे तसा. मग तिच्या लक्षात आले आणि ती लाजली. आपण हसलात. बाया हसल्या. साहेबांनी टाळी वाजवली.

एवढेच होते. नियम नव्हता, विनंती नव्हती, क्षमा नव्हती. त्या दिवशी साहेबांचा बूट झिंगीच्या नावाशी थांबला होता. आपण त्यांना बसायला सांगणार होता आणि ते नाव तिच्या तोंडून ऐकवणार होता. ताकीद आली असती, नसती, कोण जाणे. मी तो प्रश्न आता सोडून दिला आहे. पण झिंगी तेव्हाही वाचू शकली असती, हे निश्चित. ती अक्षरे तिने नंतर उचलली का, हे मी समारंभानंतर तिला विचारले. ती म्हणाली, "जीप गेल्यावर बाईनं वाचाले लावलं. मंग उचलली."

शुद्धिपत्र खाली देतो. यात काही चूक आढळल्यास कळवावी. संदेशानेही चालेल.

आपला,
गुणवंतराव

शुद्धिपत्र
(स्मरणिका, पृष्ठ अकरा, आणि त्यासंबंधीचा पत्रव्यवहार)

२३ मार्च १९९१ : हेटीटोल्याची शाळा जोडमोहाखाली प्रथम भरली. १९९० नव्हे. कल्पना आबिदाबाईंची. आदेश कोणाचाही नाही.

८ एप्रिल १९९१ : तपासणी. 'मुख्याध्यापकांनी उत्तर दिले' याऐवजी 'मुख्याध्यापक मध्येच बोलले' असे वाचावे.

जून १९९१ : मुख्याध्यापकांची बदली झाली. स्मरणिकेत 'पदोन्नती' छापले आहे, ती नव्हती. निरोपाच्या दिवशी आबिदाबाई आल्या नाहीत; त्यांना येण्याचे कारण नव्हते.

त्यानंतरचा प्रत्येक मार्च, आबिदाबाईंची बदली होईपर्यंत : 'मुख्याध्यापकांच्या आदेशानुसार' हे शब्द वगळून वाचावे.

१४ जुलै २०२४ : या तारखेच्या पत्रात 'तिसरी चूक स्मृतीची नाही' असे म्हटले आहे, ते बरोबर आहे. ती चूक आबिदाबाईंची असल्याचे सुचवले आहे, ते चुकीचे आहे.

५ सप्टेंबर २०२४ : "साहेब, बसा. झिंगी वाचते." हे वाक्य या दिवशी उच्चारले गेले. नोंद ८ एप्रिल १९९१ या तारखेस करावी.